अभिप्रायास उत्तर : ‘राउटर नुसता उचलून बाहेर ठेवला’ या तक्रारीबाबत

सप्रेम नमस्कार.

आपला दोन ताऱ्यांचा अभिप्राय मी आणि आपल्याकडे आलेले तंत्रज्ञ, आम्ही दोघांनी सोबत बसून वाचला. आपले म्हणणे थोडक्यात असे : इंटरनेटची जोडणी ३०० एमबीपीएसची (सेकंदाला ३०० मेगाबिट) असूनही मागच्या खोलीत मोबाइलवर ४०च्या आसपासच वेग मिळतो आणि संध्याकाळचे व्हिडिओ कॉल अजून अडकतात. आमच्या माणसाने निम्मा वेळ केबलशी खेळण्यात घालवला, राउटर कपाटातून उचलून बाहेर ठेवला, आपण विकत घेतलेला रिपीटर (राउटरचा वायफाय सिग्नल घेऊन पुढे पाठवणारे उपकरण) बंद केला आणि ‘लाइन ठीक आहे’ एवढे सांगून तो निघून गेला. एवढ्यासाठी शुल्क कशाला, त्यापेक्षा जास्त ताकदीचा राउटर बसवला असता तर काम झाले असते, असेही आपण लिहिले आहे. शुल्क दिले आहे म्हटल्यावर प्रत्येक मुद्द्याचे उत्तर मागण्याचा आपल्याला हक्क आहे, म्हणून ते येथेच सविस्तर देतो.

प्रथम केबलविषयी. भेट ठरवताना आपणच फोनवर सांगितले होते की, केबलने जोडलेल्या संगणकावरही वेग कधी ९४च्या वर जात नाही. आमच्या कामात ९४ हा आकडा ऐकला की राउटरच्या सेटिंगकडे वळण्याआधी हात केबलकडे जातो. नेटवर्कच्या केबलमध्ये आठ तारा, म्हणजे चार जोड्या असतात. गिगाबिट, म्हणजे १००० एमबीपीएस वेगासाठी चारही जोड्या शाबूत लागतात. १०० एमबीपीएससाठी दोनच पुरतात. उरलेल्या दोन जोड्यांतली एखादी तार तुटली किंवा कनेक्टरमध्ये नीट बसली नाही तर जोडणी तुटत नाही, ती गुपचूप १००वर उतरते, आणि त्यातून प्रत्यक्ष हाती पडतात ते ९४-९५ एमबीपीएस. दिवे लागलेले असतात, इंटरनेट चालू असते, त्यामुळे दोष कोणाच्या लक्षातही येत नाही. आपल्याकडे मोडेम आणि राउटर यांच्यामधल्या केबलच्या टोकाला तपकिरी तार कनेक्टरच्या पात्यापर्यंत पोहोचलीच नव्हती. तंत्रज्ञांनी ते टोक कापून नवा कनेक्टर क्रिंप केला, म्हणजे दाबून बसवला, आणि त्यानंतर त्याच संगणकावर जवळजवळ पूर्ण ३०० मिळाले. ही केबल सगळ्या घराच्या वाटेवर असल्याने ती दुरुस्त होईपर्यंत घरातले कोणतेही उपकरण, वायफाय कितीही चांगले असले तरी, ९४ची मर्यादा ओलांडू शकले नसते. ‘लाइन ठीक आहे’ हे वाक्य त्या मोजणीनंतरचे होते आणि त्याचा अर्थ एवढाच होता की, घरापर्यंत येणारा वेग पूर्ण आहे, आता जे उरले ते घरातल्या हवेतले आहे. माझ्या मते हा भेद आधी पक्का केल्याशिवाय वायफायला हात लावणे म्हणजे अंदाजाने गोळ्या देणे.

राउटर हलवण्याला आपण ‘नुसते’ म्हणता, पण आकडे वेगळे सांगतात. राउटर कपाटात, पत्र्याच्या पेटीमागे असताना मागच्या खोलीत सिग्नल उणे ७९ डीबीएम होता (डीबीएम हे सिग्नलच्या शक्तीचे माप, आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल चांगला). बाहेर, उंचावर ठेवल्यावर तो उणे ७० झाला. नऊ डेसिबलचा हा फरक म्हणजे मोबाइलपर्यंत पोहोचणारी शक्ती सुमारे आठपट होणे. तरीही हे पुरेसे नाही, कारण व्हिडिओ कॉल निर्धास्त चालावा यासाठी साधारण उणे ६७ किंवा त्याहून चांगला सिग्नल धरला जातो. मागची खोली काठावर राहते, हे भेटीच्या नोंदीत आम्ही लिहून दिले आहे. मध्ये दोन भिंती आणि पूर्ण उंचीचा आरसा आहे. काचेपेक्षा तिच्या मागचा धातूचा मुलामा लहरी परतवतो, त्यामुळे पातळ दिसणारा आरसा कधी कधी भिंतीपेक्षा जास्त त्रास देतो.

आता जास्त ताकदीच्या राउटरचा प्रश्न. राउटरने किती शक्तीने प्रक्षेपण करावे याला नियमांची मर्यादा असते आणि बहुतेक चांगले राउटर तिच्या जवळपासच चालतात. त्याहून मोठी अडचण अशी की, वायफाय दुतर्फा संभाषण आहे. राउटरचा आवाज वाढवला तरी मोबाइलचा वाढत नाही. त्याचा अँटेना लहान, बॅटरी मर्यादित. पडद्यावर रेंज वाढल्यासारखी दिसते, पण मोबाइलने पाठवलेले राउटरला नीट ऐकू येत नाही आणि तीच तीच माहिती पुन्हा पुन्हा पाठवावी लागते. आपल्या घरात तसा राउटर विकणे आम्हाला सोपे होते. उपयोग झाला नसता, म्हणून विकला नाही.

रिपीटर बंद करण्याचे कारणही याच्याशीच जोडलेले आहे. तो मागच्या खोलीतच, पलंगाशेजारच्या सॉकेटमध्ये लावलेला होता. तेथे मोबाइलवर वायफायचे चिन्ह पूर्ण भरलेले दिसते, पण ते चिन्ह मोबाइल आणि रिपीटर यांच्यातले हातभर अंतर मोजते. रिपीटरला राउटरकडून काय मिळते याबद्दल ते काहीच सांगत नाही. आणि त्याला मिळत होता तोच क्षीण सिग्नल, कारण तो त्याच खोलीत होता. शिवाय आपला रिपीटर एकाच बँडचा, म्हणजे रेडिओ लहरींच्या एकाच पट्ट्यावर चालणारा आहे. तो ज्या चॅनेलवर (बँडच्या ज्या भागावर) ऐकतो त्याच चॅनेलवर पुढे बोलतो, एका वेळी दोन्ही करू शकत नाही, त्यामुळे वेग सुमारे निम्मा होतो. ही वस्तू टाकाऊ आहे असे मी म्हणत नाही. राउटर आणि मागची खोली यांच्या साधारण मध्यावर, जेथे सिग्नल अजून चांगला आहे, तेथे लावल्यास ती कामाची ठरते. आपल्याकडे त्या ठिकाणी सॉकेट नसल्यामुळे तंत्रज्ञांनी ती तूर्त बंद ठेवायला सांगितले.

आपण असेही लिहिले आहे की, राउटर बंद करून पुन्हा चालू केला की थोडा वेळ सगळे सुरळीत चालते, म्हणजे दोष राउटरमध्येच असला पाहिजे. हा निष्कर्ष स्वाभाविक असला तरी येथे तो लागू होत नाही. राउटर पुन्हा सुरू झाला की सगळी उपकरणे नव्याने जोडली जातात. त्या वेळी आपला मोबाइल बाहेरच्या खोलीत असेल तर तो ५ गिगाहर्ट्‌झच्या जलद बँडवर बसतो. मागे गेल्यावर तो २.४ गिगाहर्ट्‌झच्या, लांब पोहोचणाऱ्या पण संथ बँडवर येतो आणि बाहेर परतल्यावरही बरेचदा तेथेच चिकटून राहतो, कारण कोणत्या बँडवर राहायचे याचा निर्णय मुख्यतः मोबाइल घेतो. शिवाय २.४ च्या बँडवर एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. आपला राउटर ३ वर होता, जे १ आणि ६ या दोन्हींच्या गर्दीत सापडते. तंत्रज्ञांनी तो ११ वर ठेवला आहे. सेटिंगचे पान उघडून कोणी चॅनेल पुन्हा ‘ऑटो’ केले असेल तर ते कृपया पाहावे.

संध्याकाळच्या कॉलबाबत मात्र मला वेगळीच शंका आहे. आपण लिहिता की, घरातील मंडळी परतली की कॉल अडकू लागतात आणि समोरच्याला आपला आवाज तुटक ऐकू येतो, पण आपल्याला त्यांचा बऱ्यापैकी नीट येतो. म्हणजे बाहेर जाणारी दिशा तुंबते. दिवसभर बाहेर असलेले मोबाइल घरच्या वायफायवर आले की त्या दिवसाचे फोटो आणि व्हिडिओ आपोआप वर चढवू लागतात. अपलोडची क्षमता भरते, राउटरमध्ये रांग लागते आणि कॉलच्या माहितीची लहानशी पाकिटेही त्या रांगेत अडकतात. ३००चे ५०० केले, पण अपलोडची मर्यादा तीच राहिली, तर हा त्रास तसाच राहील. म्हणून योजना वाढवण्याची घाई आपण करू नये, असे मी सुचवतो.

याची खात्री घरीच करता येते. कॉल अडकत असताना संगणकावरून आधी राउटरच्या पत्त्याला पिंग करावे, म्हणजे छोटा संदेश पाठवून उत्तर यायला किती वेळ लागतो ते पाहावे. तो पत्ता राउटरच्या तळाशी चिकटवलेल्या पट्टीवर असतो, बहुधा १९२.१६८ ने सुरू होणारा. संगणक केबलवर असेल तर तो वायफायवर घेऊन मागच्या खोलीत बसून हे करावे. उत्तर येण्यास कधी ३ तर कधी ४०० मिलिसेकंद लागत असतील तर अडचण वायफायमध्ये आहे. राउटरचे उत्तर स्थिर असेल आणि बाहेरच्या ८.८.८.८ या पत्त्याला केलेले पिंग मात्र उड्या मारत असेल, तर सगळ्या मोबाइलवरचा फोटोंचा बॅकअप थांबवून पुन्हा पाहावे. त्याने आकडा खाली आला तर कारण सापडले. न आल्यास तो प्रश्न सेवा पुरवणाऱ्या कंपनीकडे न्यावा लागेल, आणि त्यासाठी लागणारी मोजमापे आम्ही लिहून देऊ.

मागच्या खोलीसाठी आमचा सल्ला भेटीच्या नोंदीतलाच आहे : राउटरपासून तेथपर्यंत केबल ओढून दुसरा ॲक्सेस पॉइंट (केबलवरून येणारे इंटरनेट त्या खोलीत वायफायने देणारे उपकरण) बसवावा. भिंतीला भोक पाडायचे नाही, असे आपण तेव्हा सांगितले होते आणि ते आम्हाला मान्य आहे. तसे असल्यास मध्यावर विजेची सोय करून तेथे दोन बँडचा मेश संच (एकमेकांशी वायफायने जोडलेली, एकच जाळे बनवणारी उपकरणे) ठेवून भागेल. वेग केबलइतका मिळणार नाही, पण कॉलला पुरेल.

केबलची दुरुस्ती, मोजणी आणि जागाबदल यांचे शुल्क योग्यच होते, यावर मी ठाम आहे. मात्र अपलोडची शंका दुपारच्या भेटीत तपासता येत नाही, कारण तेव्हा घरात ती मंडळीच नसतात. आपली संमती असल्यास आमचे तेच तंत्रज्ञ एखाद्या संध्याकाळी, सगळे घरी असताना, येऊन वरील तपासणी करतील आणि आपल्या राउटरमध्ये सोय असल्यास कॉलना प्राधान्य देणारी सेटिंग करून देतील. या भेटीचे शुल्क नाही. सोयीचा दिवस आपण आमच्या नेहमीच्या क्रमांकावर कळवावा, आणि तोपर्यंत रिपीटर बंदच ठेवावा.

आपला,
सेवाकेंद्राचा मालक