मानववंशशास्त्राला गोव्यात वाव नाही, असं म्हणणाऱ्यांना

बारावीचा निकाल लागला की पेडण्यापासून काणकोणपर्यंतच्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर फिरू लागतो. 'मुलांना या विषयांत घालू नका' अशी त्याची सुरुवात, आणि यादीत पहिलं नाव मानववंशशास्त्राचं, म्हणजे माणसांचे समाज, नाती, रीती आणि शरीर यांचा अभ्यास करणाऱ्या विषयाचं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: अमेरिकेतसुद्धा ही पदवी सर्वांत निरुपयोगी ठरली आहे, प्राध्यापकी सोडली तर नोकरी नाही, यूपीएससीत गुण मिळवण्यापुरता विषय बरा, कंपन्यांना डेटा हवा, माणसांच्या गोष्टी नकोत, आणि गोव्यासारख्या लहान, सुशिक्षित राज्यात तर या लोकांना कामच नाही.

मी हा विषय पुण्यात शिकले आणि आज सांगे, काणकोण, सत्तरी या भागांत त्याच शिक्षणावर काम करते. म्हणून एकेक मुद्दा घेते. शेवटचा आधी, कारण माझ्या मते सर्वांत खोटा तोच आहे.

गोवा म्हणजे किनारा, हॉटेलं आणि पर्यटक, असं धरून चालणाऱ्याला घाटाच्या पायथ्याचा गोवा दिसतच नाही. २०११ च्या जनगणनेनुसार गोव्यात अनुसूचित जमातींची लोकसंख्या १,४९,२७५ आहे. दर दहा गोंयकारांमागे एक. गावडा, कुणबी आणि वेळीप या समाजांना हा दर्जा मिळायला २००३ साल उजाडावं लागलं, मुक्तीनंतर चाळीसहून अधिक वर्षं. धनगर-गवळी समाज तर अजून बाहेरच आहे. सरकारं बदलली, आश्वासनं झाली, तरी त्यांचा प्रस्ताव दिल्लीतून आक्षेप लागून परत येत राहिला. लोक याला निव्वळ राजकारण समजतात. पण प्रक्रिया पाहा. राज्य सरकारने समाजाचा मानववंशशास्त्रीय अहवाल जोडून शिफारस करायची, जनगणना पाहणाऱ्या भारताच्या महानिबंधकांनी तो तपासायचा, मग राष्ट्रीय अनुसूचित जमाती आयोग, आणि शेवटी संसद. तपासणीचे निकष १९६५ च्या लोकूर समितीचे: आदिम लक्षणं, वेगळी संस्कृती, भौगोलिक अलगपणा, बाहेरच्यांशी मिसळण्याचा संकोच, मागासलेपण. हे निकष जुनाट आहेत, काही तर अपमानकारक आहेत असं माझं स्पष्ट मत आहे. पण ते बदलेपर्यंत अहवाल त्याच कसाला लागणार. समाजाची कुळं, सोयरीक, देव, बोली, गुरं चारायच्या जुन्या वाटा हे सगळं त्या कसाला टिकेल असं लिहून काढणं हे शिकून येणारं काम आहे. त्यावर हजारो माणसांचं आरक्षण अडलेलं असताना 'कामच नाही' असं कोणी म्हटलं की मला राग येतो.

याच गोष्टीची दुसरी बाजू जमिनीची. रानात पिढ्यानपिढ्या राहणाऱ्यांना जमिनीचा हक्क देणाऱ्या २००६ च्या वनहक्क कायद्याखाली गोव्यात हजारो दावे दाखल झाले आणि त्यांतले बरेच वर्षानुवर्षं रेंगाळले. अनुसूचित जमातीच्या कुटुंबाला १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवला की पुरतं. इतर पारंपरिक वननिवासींना, म्हणजे धनगर-गवळींनाही, त्या तारखेआधी तीन पिढ्यांचा, पंचाहत्तर वर्षांचा रहिवास सिद्ध करावा लागतो. १९३० पर्यंत मागे जायचं. तेव्हा इथे पोर्तुगीज राज्य होतं आणि रानात कुमेरी, म्हणजे झाडोरा जाळून फिरती शेती, करणाऱ्याच्या नावावर कसला कागद असणार? म्हणून नियमांनीच दुसरे पुरावे मान्य केले आहेत: गावच्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब, जुनी विहीर, बांध, घराचा चौथरा, स्मशान, देवाची जागा, आणि जुन्या नोंदींतल्या माणसापर्यंत पोचणारी वंशावळ.

ही वंशावळ काढणं म्हणजे काय, ते जरा जवळून सांगते. घरातल्या म्हाताऱ्या आजीला साल विचारून उपयोग नसतो. तिला विचारायचं, गोवा मुक्त झाला तेव्हा तुमचं कोणतं मूल रांगत होतं? तिथे १९६१ चा खुंटा रोवला जातो. मग त्या खुंट्यापासून मागे सरकायचं. लग्न होऊन इथे आलात तेव्हा सासरे हयात होते का, वरच्या अंगाचं भाट (बागायत) तेव्हा लागवडीखाली होतं का, नाचणी कुठे पेरायचे. कागदावर पुरुषासाठी त्रिकोण, बाईसाठी वर्तुळ, लग्नासाठी दोन आडव्या रेघा. नातं पुसट झालं की त्या घरातून दुसऱ्या गावात दिलेल्या लेकीकडे जायचं, कारण भावकीचे तंटे सुरू झाले की माहेरचा हिशेब बहुतेक वेळा तिलाच नीट आठवतो. तिचं सांगणं आणि भावाचं सांगणं समोरासमोर ठेवायचं, जिथे जुळत नाही तिथे पुन्हा विचारायचं. मग त्याच माणसांना घेऊन रानात जायचं आणि पडका चौथरा, विहीर, देवाची जागा नकाशावर घ्यायची. ग्रामसभेच्या वनहक्क समितीपुढे असा दावा गेला की त्याचं वजन वेगळं असतं. हे तंत्र पहिल्या वर्षाच्या वर्गात 'नातेसंबंध' या प्रकरणात शिकवतात, आणि मुलांना ते सर्वांत रटाळ वाटतं.

विस्थापनाचंही तेच. साळावली धरणाखाली कुर्डी गाव गेलं. दर उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुनी माणसं सोमेश्वराच्या उत्सवाला तिथे जमतात, आणि त्याच्या बातम्या आपण हौसेने वाचतो. वाडे आणि व्हाळकिणीला वसवलेल्या कुटुंबांचं शेत, पाणी, शेजार, सोयरीक यांचं पुढे काय झालं, हा प्रश्न मात्र बातमीत मावत नाही. इरावती कर्वे यांनी जय निंबकर यांच्यासोबत कोयना धरणग्रस्तांची पाहणी केली आणि १९६९ मध्ये डेक्कन कॉलेजने ती छापली. मराठी माणसाला इरावतीबाई माहीत असतात त्या 'युगान्त'मुळे. त्या मानववंशशास्त्रज्ञ होत्या आणि विस्थापितांच्या दारोदार गेल्या होत्या, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने सामाजिक परिणामांचं मूल्यमापन बंधनकारक केलं, तेव्हापासून अशा पाहणीला कायद्याचाच आधार आहे.

आता 'प्राध्यापकी सोडली तर काही नाही'. भारतीय मानववंशशास्त्र सर्वेक्षण ही केंद्र सरकारची संस्था १९४५ पासून आहे, मुख्यालय कोलकात्यात. १९८५ मध्ये सुरू झालेल्या तिच्या देशव्यापी प्रकल्पात साडेचार हजारांहून अधिक समाजांची नोंद झाली. जागा मोजक्या असतात, हे खरं. पण विषयाची व्याप्ती तेवढ्यावर संपत नाही. जुन्या गोव्यात सेंट ऑगस्टीनच्या अवशेषांत २००४ च्या सुमारास एक हाड सापडलं. ते जॉर्जियाच्या राणी केतेवानचं असावं असा अंदाज होता. राणीला १६२४ मध्ये इराणात ठार मारलं होतं आणि तिचे अवशेष ऑगस्टिनियन पाद्र्यांनी गोव्यात आणल्याची नोंद होती. हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेने मायटोकाँड्रियल डीएनए तपासला. आईकडून येणारी ती खूण भारतीय नमुन्यांत मिळेना, जॉर्जियात मिळाली. २०२१ मध्ये भारताने ते अवशेष जॉर्जियाला दिले. पुराभिलेख, उत्खनन आणि मानवी जनुकशास्त्र एकत्र आल्यावर काय होतं, याचं यापेक्षा घरचं उदाहरण नाही. ज्याला हाडं आणि जनुकं आवडतात त्याने शारीरिक मानववंशशास्त्राकडे जावं. फॉरेन्सिककडे वळायचं असेल तर राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठाचं आवार फोंड्याजवळ कुर्टीलाच आहे.

आरोग्याचं क्षेत्र मला यापेक्षाही मोठं वाटतं. गोव्यातल्या बायकांच्या 'अंगावरून पांढरं जातं' या तक्रारीवर इथेच एक मोठा अभ्यास झाला आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या तक्रारीचा संबंध जंतुसंसर्गापेक्षा मानसिक ताणाशी अधिक जुळला. नुसत्या औषधाच्या गोळ्यांनी अशा बाईचं काय होणार? आधी ती काय सांगते आहे ते ऐकणारं माणूस हवं. मानसिक आरोग्यावर काम करणारी संगाथ ही संस्था १९९६ पासून गोव्यात आहे, आणि गावातल्याच सामान्य माणसांना समुपदेशनाचं प्रशिक्षण देण्याच्या तिच्या कामाची दखल जगाने घेतली. अशा कामात मुलाखती घेणारे, त्या उतरवून त्यांचा अर्थ लावणारे लागतात. २०१४ मध्ये पश्चिम आफ्रिकेत इबोला पसरला तेव्हा मृतदेह हाताळण्याच्या प्रथांमुळे संसर्ग वाढत होता. जागतिक आरोग्य संघटनेने मानववंशशास्त्रज्ञांना सोबत घेऊन सुरक्षित आणि सन्मानाच्या दफनाची पद्धत ठरवली.

अमेरिकेचा दाखला देणाऱ्यांनी तो पुरता द्यावा. २०११ मध्ये फ्लोरिडाचे गव्हर्नर रिक स्कॉट म्हणाले की राज्याला आणखी मानववंशशास्त्रज्ञ नकोत. पुढच्याच वर्षी जॉर्जटाउन विद्यापीठाच्या एका अहवालात या विषयाच्या नव्या पदवीधरांची बेरोजगारी १०.५ टक्के निघाली, आणि त्यावरून 'निरुपयोगी पदव्यां'च्या याद्या सुरू झाल्या. आकडे होते २००९ आणि २०१० चे, म्हणजे मंदीच्या ऐन खाईतले. त्याच अहवालात आर्किटेक्चरच्या नव्या पदवीधरांची बेरोजगारी १३.९ टक्के होती. आर्किटेक्चर निरुपयोगी असं गोव्यात एकही बाप म्हणणार नाही. तेव्हाच्या मंदीवरून इथल्या आजच्या मुलीचं भवितव्य ठरवणं चूकच आहे.

यूपीएससीच्या मुद्द्यावर मी मजकुराशी अर्धी सहमत आहे. मुख्य परीक्षेत वैकल्पिक विषयाला ५०० गुण असतात आणि मानववंशशास्त्राचा अभ्यासक्रम आटोपशीर म्हणून लोकप्रिय आहे. २०१७ च्या परीक्षेत देशात पहिला आलेल्या अनुदीप दुरिशेट्टी यांचा हाच विषय होता. पण पदवी इंजिनिअरिंगची. कोणीही घेऊ शकतो, त्यासाठी तीन किंवा पाच वर्षं इथे घालवायची गरज नाही.

कंपन्यांबद्दल थोडक्यात. झेरॉक्समध्ये १९८० च्या दशकात ल्युसी सचमन यांनी फोटोकॉपी यंत्रापुढे माणसं कुठे अडखळतात ते पाहिलं. इंटेलने १९९८ मध्ये जेनेव्हिव्ह बेल यांना घेतलं. आज हे काम, म्हणजे माणसं एखादं यंत्र किंवा ॲप कसं वापरतात ते पाहणं, 'यूएक्स रिसर्च' म्हणून चालतं. जागा बंगळूरु, मुंबई, पुण्यात आहेत, गोव्यात तुरळक, आणि डिझाइन शिकलेली मुलं स्पर्धेत असतात. हा मार्ग आहे, पण सोपा नाही.

मजकुरात एक गोष्ट खरी आहे आणि ती लपवणं योग्य नाही. 'मानववंशशास्त्रज्ञ पाहिजे' अशी जाहिरात गोव्यात क्वचितच दिसते. बरंच काम प्रकल्पावर, करारावर असतं. प्रकल्प संपला की पुन्हा शोध. सुरुवातीचा पगार बँकेतल्या मित्रापेक्षा कमी असतो. घरावर कर्ज असेल, लगेच कमावणं भाग असेल, तर हा विचार आधी करावा.

ज्यांना तरीही जायचं आहे त्यांनी नुसत्या पदवीवर थांबू नये. पुणे किंवा धारवाडला प्रवेश घेताना क्षेत्रकार्य किती आठवड्यांचं असतं आणि त्याचा अहवाल कोण तपासतं, ते विचारावं. जीआयएस (संगणकावर नकाशे आणि माहिती जोडण्याचं तंत्र) किंवा संख्याशास्त्र यांपैकी एक पक्कं करावं. पोर्तुगीज वाचायला शिकावं. पणजीच्या पुराभिलेखागारातली दप्तरं उघडायला त्याशिवाय मार्ग नाही, आणि कोमुनिदाद (गावाच्या सामाईक जमिनीची जुनी संस्था), मुंडकार (भाटकाराच्या जमिनीवर घर करून राहणारा), देवस्थान यांच्या कामात असं वाचणारं माणूस शोधूनही सापडत नाही. काजूच्या फेणीला २००९ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक ओळखीचा दर्जा, मिळाला, नंतर खोलची मिरची, हरमलची मिरची, मानकुराद अशी रांग लागली. अशा प्रत्येक अर्जाला त्या वस्तूचा इतिहास आणि करण्याची रीत लिहून द्यावी लागते, म्हणजे दारू गाळायच्या भाटीवर बसून निरो (बोंडांचा रस), हुर्राक (पहिल्यांदा गाळलेली दारू) आणि फेणीचा क्रम टिपणारं कोणीतरी लागतं. जाहिराती वाचताना 'संशोधन सहायक', 'क्षेत्र समन्वयक', 'सामाजिक परिणाम मूल्यमापन', 'गुणात्मक संशोधन', 'दस्तऐवजीकरण', 'संग्रहालय सहायक' हे शब्द शोधावेत, आणि आदिवासी कल्याण खातं, पुराभिलेख खातं, पर्यावरण सल्लागार कंपन्या आणि आरोग्य संस्थांच्या संकेतस्थळांवर दर आठवड्याला नजर टाकावी.