खेद आणि निराशा यांतील फरक
मनातील नकारात्मक भावना घालवणे हेच समुपदेशकाचे काम आहे, असा समुपदेशनाविषयी मी वाचलेल्या एका लेखाचा सूर आहे. तो मला पटला नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली आणि आपल्याकडे मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांनी मराठीतून समजावून दिलेली विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती सांगते की, भावनिक त्रास केवळ प्रसंगामुळे होत नाही, तर त्या प्रसंगाविषयी आपण धरलेल्या हट्टी समजुतींमुळे तो वाढतो. म्हणूनच नापास झालेल्या मुलाला ‘सगळे चांगलेच होईल’ असा धीर देऊन न थांबता, ‘मी उत्तीर्ण व्हायलाच हवे होते, नाहीतर मी कुचकामी’ हे गृहीतक तपासायला समुपदेशक त्याला शिकवतो. त्याला वाईट वाटणे थांबत नाही, आणि थांबूही नये; खेद त्याला पुन्हा अभ्यासाला बसवतो, निराशा मात्र अंथरुणातून उठू देत नाही. माझ्या भाचीच्या बाबतीत हा बदल मी जवळून पाहिला आहे. रोज वहीत आपले विचार लिहून त्यांना प्रश्न विचारण्याचा गृहपाठ तिला सत्रातील बोलण्याइतकाच उपयोगी पडला, आणि लेखात नेमका त्याचाच उल्लेख नाही.