‘फाइल एआयला द्या, बजेटच्या चुका आपोआप निघतील’ या मेसेजला उत्तर

सोलापुरातल्या कारखानदारांच्या आणि अकाउंटंट मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज जोरात फिरतो आहे. त्याचा गोषवारा असा: पुढच्या वर्षाचं बजेट असो, कॅश फ्लो असो की विक्रीचा अंदाज, फाइल एआयला द्या, पाच मिनिटांत सगळ्या चुका लाल रंगात समोर येतील. लाल झालेला आकडा चुकीचा किंवा लबाडीचा समजा. जो लाल झाला नाही तो बिनघोर पास करा. हंगामसुद्धा एआय आपोआप ओळखतो. बेनफर्डचा नियम लावून बनावट आकडे पकडतो. अनुभवी माणूस तपासणीला बसवायची गरज उरली नाही, आणि खर्च शून्य.

टॉवेल आणि साखर या दोन धंद्यांची बजेटं तपासणं हे माझं काम. ॲनोमली डिटेक्शन, म्हणजे नेहमीपेक्षा वेगळा दिसणारा आकडा शोधून दाखवणारी साधनं, मी स्वतः वापरतो. त्यामुळे मेसेज निव्वळ थाप आहे असं म्हणवत नाही. पण ही साधनं ‘वेगळं’ शोधतात आणि मेसेज त्याला ‘चूक’ म्हणतो, तिथेच सगळी गडबड आहे.

“सगळ्या चुका सापडतात” हे घ्या. काही चुका झकास सापडतात. लाखांच्या तक्त्यात कुणी एक रक्कम रुपयांत टाकली, सुताचा भाव किलोऐवजी क्विंटलचा बसला, उणे चिन्ह राहून गेलं, सप्टेंबरचा कॉलम ऑक्टोबरमध्ये जसाच्या तसा चिकटवला, सूत्र पुसून कुणी हातानं आकडा ठोकून दिला. असल्या गोष्टी रात्री नऊ वाजता दमलेल्या माणसाच्या नजरेतून सुटतात, यंत्राच्या सहसा सुटत नाहीत. (यांतल्या काही तर बारा महिन्यांची बेरीज वर्षाच्या आकड्याशी जुळते का, एवढं पाहिलं तरी निघतात. ते आधी करा, एआय नंतर.)

न सापडणारी चूक म्हणजे फाइलमध्ये नसलेली ओळ. गेल्या वर्षी असलेला खर्च यंदा गायब झाला तर तुलना करणारं साधन ओरडेल. पण डाईंगला नवा सांडपाणी प्रकल्प बसवला आणि त्याचा चालू खर्च धरायचाच राहिला, तर लाल व्हायला तिथे खानाच नाही. रेनहार्ट आणि रोगॉफ या दोन नामवंत अर्थशास्त्रज्ञांच्या सरकारी कर्जावरच्या अभ्यासात 2013 मध्ये जी चूक उघड झाली, तिचा एक भाग असाच होता: एक्सेलमधल्या सरासरीच्या सूत्रात पाच देशांच्या ओळी आल्याच नव्हत्या. खान्यांतला एकेक आकडा आपापल्या जागी ठीक. चूक सापडली ती थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने मूळ तक्ता मागून घेतला आणि सूत्र उघडून पाहिलं म्हणून.

आता हंगाम. सोलापूरकराने या विधानाला हसावं की रडावं कळत नाही.

यंत्र हंगाम शिकतं ते मागच्या आकड्यांवरून. बहुतेक छोट्या युनिटांकडे नीट ठेवलेली माहिती तीनेक वर्षांची असते. म्हणजे 36 महिने, पण जानेवारी फक्त तीन. तीन जानेवारींवरून ‘जानेवारी कसा असतो’ हे ठरवायचं! आणखी मागे जावं तर 2020-21 आडवं येतं. लॉकडाऊनचा एप्रिल यंत्राला ‘एप्रिल असाही असतो’ असं शिकवतो. तो वगळायचा की ठेवायचा, हे यंत्र नाही ठरवत.

त्यात आपला धंदा चालतो पंचांगावर आणि फाइल असते इंग्रजी महिन्यांची. सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा यंत्राला जमते, कारण ती संक्रांतीला बांधलेली आणि संक्रांत 14-15 जानेवारी सोडून फारशी हलत नाही. दिवाळीचं तसं नाही. लक्ष्मीपूजन 2023 मध्ये 12 नोव्हेंबरला होतं, 2025 मध्ये 21 ऑक्टोबरला. बोनस, उचल, दिवाळीआधी उठणारा माल, सगळं एका वर्षी नोव्हेंबरच्या खात्यात आणि दुसऱ्या वर्षी ऑक्टोबरच्या. यंत्र दोन्ही महिने लाल करतं, आणि माणूस एका दृष्टिक्षेपात सांगतो, अहो, दिवाळी सरकलीय. पंढरपुरात लॉज चालवणाऱ्याचंही तेच. आषाढी एकादशी 2023 ला 29 जूनला, 2024 ला 17 जुलैला, 2025 ला 6 जुलैला. त्याच्या जूनच्या कमाईची मागच्या जूनशी तुलना करून काय हाती लागणार?

अधिक महिन्यात तर यंत्र दोन्हीकडून फसतं. 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ आहे, 17 मे ते 15 जून. अधिकात आपल्याकडे लग्नं होत नाहीत, आणि लग्नं नाहीत तर आहेराचे टॉवेल-टोपी नाहीत. जावयाच्या अधिकाच्या वाणाने ती तूट भरून निघत नाही, हे दुकानदाराला विचारा. म्हणजे ज्या मार्केटिंगवाल्याने 2026 च्या मे-जूनची स्थानिक विक्री विचार करून कमी धरली, त्याचा आकडा लाल होणार. आणि ज्याने 2025 चा मे उचलून त्यात दहा टक्के घातले, त्याचा आकडा हिरवागार. शहाणा संशयित, आळशी निर्दोष.

याला उपाय नाही असं नाही. सण, यात्रा, लग्नतिथी यांची यादी तारखांसकट साधनाला देता येते, दिवाळीला किती दिवस उरले असा वेगळा कॉलमही घालता येतो. मग निकाल बराच सुधारतो. फक्त ती यादी करणारा माणूस लागतो, आणि मेसेजने त्याला आधीच घरी पाठवलंय.

“लाल झाला नाही तो बिनघोर पास करा” हे मेसेजमधलं सर्वांत महागात पडणारं वाक्य. आपल्या जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांचं 2023-24 चं उदाहरण ताजं आहे. अनेकांनी इथेनॉलच्या भरवशावर पैशाचं गणित मांडलं होतं. इथेनॉल वाढतच होतं, त्यामुळे वाढीव अंदाज मागच्या ओघाशी जुळणाराच होता. कुठल्याही साधनाने तो लाल केला नसता. 7 डिसेंबर 2023 ला केंद्र सरकारने त्या हंगामापुरती उसाच्या रसापासून आणि पाकापासून इथेनॉल करायला मनाई केली. काही दिवसांतच मर्यादित सवलत मिळाली, पण मूळ गणित मोडलं ते मोडलंच. इकडे उसाची एफआरपी, म्हणजे शेतकऱ्याला द्यायचा सरकारने ठरवलेला किमान दर, 14 दिवसांत द्यायचं बंधन कायम. त्या बजेटमधला धोका आकड्यांच्या वेगळेपणात नव्हता. सगळी भिस्त एका सरकारी धोरणावर आहे, हे फाइलमध्ये कुठे लिहिलेलंच नव्हतं. अमेरिकेला टॉवेल पाठवणाऱ्यांनी 2025 च्या सुरुवातीला केलेले अंदाजही असेच सरळसोट, बिनडागी असणार. 27 ऑगस्टपासून तिथे भारतीय मालावरचं जादा शुल्क 50 टक्क्यांवर गेलं.

दुसरी गोष्ट, सातत्याने केलेली चूक यंत्राला चूक वाटत नाही. बाराही महिने सुताची घट चुकीच्या टक्क्याने धरली, तर बाराही खाने एकमेकांसारखे. विक्रीप्रमुख दर वर्षी इन्सेंटिव्ह मिळावा म्हणून टार्गेट मुद्दाम खाली ठेवतो, तर तेच ‘नॉर्मल’ होऊन बसतं. लबाडीचं तर बोलायलाच नको. सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीच्या रामलिंग राजूंनी 7 जानेवारी 2009 च्या पत्रात जे कबूल केलं ते आठवा: खात्यांत दाखवलेली 5,040 कोटींची रोकड आणि बँक शिल्लक अस्तित्वातच नव्हती, आणि सप्टेंबर 2008 च्या तिमाहीत खरा नफा 3 टक्के असताना 24 टक्के दाखवला होता. त्या व्यवसायात 24 टक्के ऐकून कुणी चमकावं असं नव्हतं. खोटं करणारा आकडा नेहमीसारखा दिसेल याचीच आधी काळजी घेतो.

उलट बाजू, “लाल म्हणजे चूक किंवा लबाडी”. मार्च 2024 मध्ये बऱ्याच युनिटांमधून डाईंगवाल्यांना, जॉबवर्कवाल्यांना एकदम मोठी पेमेंट गेली. कुठलंही साधन ती लाल करेल. कारण होतं आयकर कायद्याचं कलम 43बी(एच): सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे मुदतीत, म्हणजे लेखी करार असला तरी फार तर 45 दिवसांत, दिले नाहीत तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे देऊ त्याच वर्षी धरता येतो. 2023-24 च्या हिशेबापासून ते लागू झालं आणि सगळे मार्चअखेर पैसे मोकळे करायला धावले. अकाउंटंटला बोलावून ‘हे काय गौडबंगाल?’ असं विचारणाऱ्या मालकाला हे कलम माहीत असायला हवं, एवढंच.

शिवाय लाल किती होणार, हे पुष्कळदा आपणच ठरवून दिलेलं असतं. आयसोलेशन फॉरेस्ट नावाची 2008 सालची एक पद्धत अशा साधनांमध्ये फार वापरली जाते. आकड्यांच्या ढिगात आडवेतिडवे काप घेत जायचं, आणि जो आकडा थोड्याच कापांत एकटा पडतो तो वेगळा समजायचा. कल्पना सुंदर आहे. पण किती टक्के आकडे वेगळे मानायचे हे सांगायची सोय त्यात असते, आणि तिथे 5 टक्के लिहिलं, की निर्मळ फाइलमधलेसुद्धा सुमारे 5 टक्के खाने लाल होऊन येतात. मग मालक म्हणतो, बघा, एआयने शंभर चुका काढल्या!

थोडी आकडेमोड करू. समजा 60 खाती आणि 36 महिने, म्हणजे 2,160 खाने, आणि त्यांत खरोखर चुकीचे 20. साधन चांगलं आहे असं धरू: खऱ्या चुकांपैकी 80 टक्के पकडतं आणि बरोबर आकड्यांपैकी फक्त 5 टक्क्यांवर उगाच बोट ठेवतं. खऱ्या चुका सापडल्या 16. उगाच लाल झाले 2,140 च्या 5 टक्के, म्हणजे 107. एकूण 123 लाल खाने, त्यांत खरे 16. आठातला एक. उरलेल्या सातांसाठी कुणाला तरी सुताची बिलं, वीजबिलं, ऑर्डरची पत्रं काढून बसावं लागणार. मेसेजमधल्या पाच मिनिटांत ही बैठक धरलेली नाही.

आणि लाल म्हणजे गुन्हा असं एकदा ऑफिसात ठरलं, की माणसं काय करतात? पुढच्या वर्षी प्रत्येक विभागाकडून गेल्या वर्षीचा आकडा अधिक आठ टक्के, असं गुळगुळीत बजेट येतं. नवं मशीन, नवा बाजार, बंद पडणारा ग्राहक, काहीच त्यात दिसत नाही, कारण दिसलं तर लाल होईल. हे मी होताना पाहिलं आहे, आणि साधन न वापरण्यापेक्षा ते वाईट आहे.

बेनफर्डबद्दल थोडक्यात. बऱ्याच नैसर्गिक आकडेवारीत पहिला अंक 1 असण्याचं प्रमाण सुमारे 30 टक्के आणि 9 असण्याचं साडेचार टक्क्यांच्या आसपास असतं, हे सायमन न्यूकम यांनी 1881 मध्ये आणि फ्रँक बेनफर्ड यांनी 1938 मध्ये मांडलं. प्रत्यक्ष झालेल्या हजारो व्यवहारांवर ते उपयोगी पडतं. बजेटवर नाही. बजेट माणसाने बसून, गोल करून ठरवलेलं असतं: भाडं 40,000, पगार 18,000, डझनाचा भाव ठरलेल्या पट्ट्यातला. असे आकडे प्रामाणिक असूनही बेनफर्डशी जुळत नाहीत.

राहिलं “माणूस नको, खर्च शून्य”. तपासणीचा अर्धा वेळ जातो तो हा आकडा कुणी, कधी, कशावरून लिहिला हे शोधण्यात. कंपन्यांना 1 एप्रिल 2023 पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहील अशी सोय सक्तीची आहे. पण ती हिशेबांना. बजेट राहतं एक्सेलमध्ये, ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल नवीन खरं’ अशा नावांनी, आणि आपली बरीच युनिटं तर कंपन्या नव्हेत, भागीदारीत किंवा एकट्याच्या नावावर चालतात. मोठ्या आकड्याशेजारी कारण, नाव आणि तारीख असे तीन कॉलम घाला. मग लाल खान्याचा निवाडा बसल्या जागी होतो: मे कमी का, तर अधिक ज्येष्ठ, मार्च जास्त का, तर 43बी(एच). ज्या लाल खान्याशेजारी कारणच नाही, त्याच्यापासून सुरुवात करायची.

फाइल ‘द्या’ म्हणजे कुणाला, हेही मेसेज सांगत नाही. फुकटच्या चॅटबॉटला अख्खी फाइल चिकटवली तर दोन गोष्टी होतात. एक, तो गणित करून सांगतोय की भाषेच्या ओघात बोलतोय हे उत्तरावरून कळत नाही. मागे खरोखर प्रोग्राम चालवून मोजणारं साधन वेगळं, आणि नुसतं वाचून ‘ऑगस्टमध्ये विसंगती दिसते’ म्हणणारं वेगळं. कोणत्या नियमाने आणि कोणत्या खान्यांवरून, हे त्याला विचारा आणि दोन-तीन खाने हातानं मोजून पाहा. दोन, त्या फाइलमध्ये कामगारांची नावं आणि पगार, परदेशी ग्राहकांचे ठरलेले भाव, बँकेच्या मर्यादा असं सगळं असतं. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा 2023 मध्ये झालाय, आणि ग्राहकाशी केलेल्या करारात भाव गुप्त ठेवायचं कलम बहुधा असतंच. नावांच्या जागी क्रमांक घाला, ग्राहकांना क, ख, ग करा, बँकेचा कागद वेगळा काढा, आणि मगच फाइल बाहेर पाठवा.