मॉडेमची अधोगती

आतेभावाने नवा फोन घेतला आणि जुना मला दिला. "ओरखडासुद्धा नाही बघ," असं म्हणाला, आणि ते खरंच होतं. मी माझं सिम घातलं, फोन चालू केला, आणि त्याने पडद्यावर मला माझी जागा दाखवली: हे सिम चालणार नाही, नेटवर्क अनलॉक पिन टाका. खाली आकडे टाकायला चौकट होती. कोणते आकडे टाकायचे ते मात्र कुठेच लिहिलेलं नव्हतं.

आतेभावाने हा फोन एका मोबाइल कंपनीकडून करारावर घेतला होता. करार संपला, हप्ते फिटले, पण कुलूप तसंच राहिलं. बरं, हे कुलूप म्हणजे काही फार मोठी अक्कल नव्हे. प्रत्येक सिममध्ये आयएमएसआय नावाचा जास्तीत जास्त १५ आकडी क्रमांक असतो. त्यातले पहिले तीन आकडे देशाचे आणि पुढचे दोन किंवा तीन कंपनीचे. फोन चालू झाला की तेवढे पाच-सहा आकडे वाचले जातात आणि आतल्या यादीशी ताडून पाहिले जातात. यादीत असाल तर या, नसाल तर पिन टाका. माझे आकडे यादीत नव्हते.

आधी सरळमार्गाने जायचं ठरवलं. त्या कंपनीच्या ग्राहकसेवेला फोन केला. (अर्थात माझ्या जुन्या फोनवरून.) अत्यंत मधुर आवाजात उत्तर मिळालं की ज्यांच्या नावावर खातं होतं त्यांनीच अर्ज करावा. आतेभावाने अर्ज केला. त्याला कळवण्यात आलं की अर्ज करण्यासाठी खातं चालू असावं लागतं. त्याने ते केव्हाच बंद केलं होतं, कारण तो दुसऱ्या कंपनीकडे गेला होता. थोडक्यात, कंपनी सोडून जाण्याचा कोड फक्त कंपनी न सोडलेल्यांनाच मिळतो. हा नियम ज्याने लिहिला त्याला एकदा भेटायची माझी फार इच्छा आहे.

अंदाजाने कोड टाकून पाहावा असंही मनात आलं. पण फोन किती वेळा चुकलात ते मोजत असतो. मर्यादा संपली की तो आणखी पक्का बंद होतो, आणि मग खरा कोड हातात आला तरी उपयोग नाही. म्हणजे ज्याला कोड माहीत नाही त्याच्यासाठी केलेल्या चौकटीत ज्याला कोड माहीत नाही त्याने काही लिहायचं नाही.

शेवटी भाचीला बोलावलं. तिने फोन हातात घेतला आणि पहिलाच प्रश्न टाकला.

"मामा, बेसबँड कोणता आहे?"

"बँड वगैरे काही आलं नाही गं. नुसता फोन आणि चार्जर."

तिने माझ्याकडे पाहिलं, मग फोनकडे पाहिलं, आणि पुढचा सगळा वेळ ती फोनशीच बोलली.

तेव्हा कळलं ते असं. फोनमध्ये एक संगणक नसतो, दोन असतात. एक आपल्याला दिसतो, ज्याच्यावर आपण फोटो बघतो आणि शुभेच्छा पुढे ढकलतो. दुसरा म्हणजे मॉडेम. त्याचा प्रोसेसर वेगळा, त्याची कार्यप्रणाली वेगळी आणि त्याचं फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आतच बसवलेला प्रोग्राम, तेही वेगळं. टॉवरशी बोलतो तो, आणि सिम तपासतो तोही तोच. सेटिंगमध्ये 'फोनबद्दल' उघडून पार खाली गेलं की बेसबँड आवृत्ती म्हणून अक्षरांची आणि आकड्यांची एक रांग दिसते. ती त्याची. इतकी वर्षं फोन वापरून हा गृहस्थ माझ्या खिशात राहतो हे मला माहीत नव्हतं. पहारेकरी माझ्या दारात आणि पगार दुसऱ्याचा, असा एकूण प्रकार.

"जुन्या आवृत्तीत," भाची सांगू लागली, "इंजिनिअर लोकांचा एक चाचणी मेनू होता. त्यातून हे कुलूप काढता यायचं. नव्या आवृत्तीत तो रस्ता बुजवलाय."

"मग आपल्यात कुठली आहे?"

"नवी."

कारण आतेभाऊ शिस्तीचा माणूस. अपडेट आलं की लगेच लावायचं, अटी-शर्ती शेवटपर्यंत वाचायच्या आणि मगच 'मान्य' दाबायचं. त्या अपडेटच्या यादीत 'सुरक्षेत सुधारणा' अशी एक ओळ नक्की असणार. सुरक्षा सुधारली, यात वादच नाही. कुलपाची.

तेव्हा उपाय एकच होता: मॉडेमला पुन्हा अडाणी करायचं. अँड्रॉइड आहे तसंच ठेवायचं, फक्त मॉडेमवर जुनं फर्मवेअर चढवायचं, तो बेसावध झाला की काम उरकायचं, आणि मग हवं तर त्याला पुन्हा शहाणं करायचं. नव्या पिढीने जुन्या पिढीला मागे जायला शिकवावं हा प्रसंग दुर्मीळच.

या विद्येला चांगला इतिहास आहे, हे मी नंतर वाचून काढलं. पहिला आयफोन २००७च्या जूनमध्ये अमेरिकेत आला तो एटी अँड टी या मोबाइल कंपनीच्या दावणीला बांधलेलाच. ऑगस्टमध्ये जॉर्ज हॉट्झ नावाच्या १७ वर्षांच्या मुलाने सोल्डरिंग करून त्याचं कुलूप काढलं, आणि तो मोकळा फोन देऊन बदल्यात एक निसान ३५० झेड गाडी आणि तीन कुलूपबंद आयफोन घेतले. पुढे आयफोन ३जी आणि ३जीएसच्या वेळी तर कळस झाला. फोनच्या मॉडेमची सगळी छिद्रं बुजली, पण आयपॅडच्या मॉडेम-फर्मवेअरमध्ये एक राहिलं होतं, आणि चिप सारखीच होती. तेव्हा २०१०च्या शेवटी लोकांनी आपल्या फोनवर चक्क आयपॅडचं ०६.१५ आवृत्तीचं फर्मवेअर चढवलं. कुलूप निघालं. पण अनेकांच्या फोनचं जीपीएस गेलं, आणि परतीचा रस्ता नव्हता. कुठल्याही कंपनीचं सिम घालून जगात कुठेही जायचं स्वातंत्र्य मिळालं, फक्त आपण कुठे आहोत ते कळेनासं झालं. तिथून फोनच्या स्वतःच्या जुन्या ०५.१३ आवृत्तीवर उतरण्याची सोय २०१२ साली निघाली. दीड वर्ष ती मंडळी रस्ता विचारत फिरली असणार.

कायद्यानेही यात आपला वाटा उचलला आहे. अमेरिकेत २६ जानेवारी २०१३पासून नव्या फोनचं कुलूप कंपनीला न विचारता काढणं बेकायदा ठरलं, आणि ते कशाखाली, तर प्रताधिकाराच्या कायद्याखाली! आपण विकत घेतलेल्या वस्तूत दुसरं सिम घातलं की लेखकाच्या हक्कांवर गदा येते, असा तो न्याय. १ लाख १४ हजारांवर लोकांनी सरकारकडे अर्ज केला, तेव्हा कुठे १ ऑगस्ट २०१४ला ओबामांनी सही करून ही परवानगी परत दिली. माझ्यासारख्याच्या फोनसाठी थेट राष्ट्राध्यक्षांना पेन उचलावं लागतं, या विचाराने मला जरा बरं वाटलं.

असो. खरी कसोटी कायद्याची नव्हती, केबलची होती.

घरात केबलींचा एक खण आहे. प्रत्येक घरात असतो. त्यातली प्रत्येक केबल फोन चार्ज करते, पण लावल्यावर संगणकाला फोन दिसेल तर शपथ. साध्या यूएसबी केबलमध्ये चार तारा असतात, दोन विजेच्या आणि दोन माहितीच्या. काही केबलींत माहितीच्या तारा घालतच नाहीत. बाहेरून कळायला काही मार्ग नाही. मी एकेक केबल लावत होतो, फोन आनंदाने चार्ज होत होता, आणि भाची प्रत्येक वेळी नुसतं "पुढची" म्हणत होती. अखेर बोलणारी केबल सापडली ती जुन्या कॅमेऱ्याच्या डब्यात. मग संगणक म्हणाला, ड्रायव्हर नाही. ड्रायव्हर घातला. मग म्हणाला, पुन्हा चालू करा. तो पुन्हा चालू झाला आणि स्वतःचीच अपडेट लावत बसला. इथे आम्ही मागे जायला निघालो होतो आणि हा पुढे गेल्याशिवाय ऐकेना.

जुन्या फर्मवेअरची फाइल मिळाली. ती खरी का, हे पाहायला भाचीने मला फाइलवरून संगणकाने काढलेली ३२ अक्षरांची एक ओळ वाचायला लावली आणि फाइलसोबत दिलेल्या ओळीशी ताडली. "चार, ए, सात, सात, एफ..." मध्येच कुणी आत आलं असतं तर मला भूतबाधा झाली असं समजून परत गेलं असतं.

"आता ईएफएसचा बॅकअप," ती म्हणाली.

"तो कशाला?"

"फोनच्या नोंदींचा कप्पा तो. आयएमईआय तिथे असतो. तो बिघडला तर फोन स्वतःला विसरतो."

ही अतिशयोक्ती नव्हती. *#०६# दाबल्यावर दिसतो तो १५ आकडी आयएमईआय म्हणजे फोनची ओळख. सॅमसंगच्या या जातीच्या फोनांत तो कप्पा खराब झाला की फोन ००४९९९०१०६४०००० असा एक ठरावीक क्रमांक सांगू लागतो. तसे बिघडलेले सगळे फोन हाच क्रमांक सांगतात. ओळख हरवलेल्यांची ही सामुदायिक ओळख मला फारच भावली, पण तिच्यात सामील व्हायची तयारी नव्हती. बॅकअप घेतला. त्याची एक प्रत संगणकावर ठेवली, एक पेनड्राइव्हवर ठेवली आणि एक मी मलाच ईमेलने पाठवली.

मग तीन बटणं एकदम दाबून फोनला डाउनलोड मोडमध्ये न्यायचं. आवाज कमी करायचं, मधलं आणि चालू-बंदचं. तिन्ही धरायला माणसाला अंगठे जरा जास्त हवेत. एक बटण क्षणभर उशिरा दाबलं की फोन निमूटपणे नेहमीसारखा चालू होतो आणि स्वागताची धून वाजवतो. त्या धुनेचा मला अजूनही राग आहे. शेवटी एकदाचा इशारा आला: पुढे जाल तर गंभीर अडचणी येऊ शकतात, आवाज वाढवायचं बटण दाबलंत तर पुढे, कमी करायचं दाबलंत तर परत. मी भाचीकडे पाहिलं. तिने माझ्या वतीने आवाज वाढवला.

पडद्यावर आलं, 'टार्गेट बंद करू नका'. संगणकावर ओडिन नावाचा प्रोग्राम होता, त्यातली छोटी चौकट निळी झाली. फाइल फक्त मॉडेमच्या खान्यात टाकली. 'स्टार्ट' दाबलं. वीज जाऊ नये, मांजर येऊ नये, कुणाला शिंक येऊ नये, अशा अवस्थेत आम्ही दोघं बसलो. मॉडेमची फाइल लहान असते, तेव्हा हे सगळं काही सेकंदांत संपतं. पण त्या सेकंदांत फोनशिवायच्या आयुष्याची मी पूर्ण आखणी केली. मग हिरव्या रंगात 'पास' आलं. इतक्या हिरव्या रंगात मी शाळेतही कधी पास झालो नव्हतो.

फोन चालू केला. सेटिंग, फोनबद्दल, पार खाली. बेसबँड: नवीच.

"पास म्हणाला ना तो?"

"म्हणाला. पण मॉडेमने घेतलं नाही. असं होतं कधीकधी."

परीक्षा पास होऊनही डोक्यात काही न जाणं, हे मला अगदी परिचयाचं होतं, तेव्हा मी मॉडेमला दोष दिला नाही. भाचीने ऑटो रीबूटची खूण काढली, तेच पुन्हा केलं, बॅटरी काढून घातली आणि मग सुरू केलं. (बॅटरी काढता यायची असा तो काळ.) आता मात्र खाली जुनी आवृत्ती दिसली. आयुष्यात प्रथमच एखादी गोष्ट जुनी झाली म्हणून आम्ही टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर डायलरवर *#१९७३२८६४०# दाबलं. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांचा मेनू उघडला. डीबग स्क्रीन, फोन कंट्रोल, नेटवर्क लॉक, आणि मग 'पर्सो एसएचए२५६ ऑफ'. दाबलं. काही झालं नाही. "थांब," भाची म्हणाली. थांबलो. मागे जाताना मागे जायचं बटण दाबायचं नाही, मेनूचं दाबून त्यातलं 'बॅक' निवडायचं, नाहीतर सगळं पहिल्यापासून. मग 'एनडब्ल्यू लॉक एनव्ही डेटा' असं काहीतरी इनिशिअलाइझ करायचं, ज्याचं स्पेलिंग त्या मेनूत अर्धवट आणि चुकीचं होतं. एवढ्या बलाढ्य कंपनीचं कुलूप, आणि किल्लीवर शुद्धलेखनाची चूक. दाबलं. पुन्हा काही झालं नाही. फोन बंद केला, माझं सिम घातलं, चालू केला.

माझ्या कंपनीचं नाव आलं. चौकट आली नाही, पिन नाही, उपदेश नाही. भाची म्हणाली, "झालं," आणि स्वतःच्या फोनमध्ये बघू लागली.

मॉडेम जुना आणि अँड्रॉइड नवं, यांचं काही पटेना. रेंज येई-जाई, बॅटरी दुपारीच मान टाके. तेव्हा नवं मॉडेम-फर्मवेअर परत चढवलं. कुलूप परत आलं नाही, कारण त्याची नोंद आतल्या वेगळ्या कप्प्यात असते आणि ती आम्ही पुसली होती. बुद्धी परत आली, आठवण नाही. काही माणसांच्या बाबतीत अशी सोय असती तर!

यानंतर मी या विषयातला जाणकार झालो. हे मला कुणी सांगितलं नाही, पण मी सर्वांना सांगितलं. कुणी नुसता फोन टेबलावर ठेवला तरी मी बेसबँड विचारत असे. दुर्दैवाने विद्या माझ्या हाती आली तेव्हा ती निवृत्तीला आली होती. नंतरच्या अनेक फोनांत चिपमध्येच बारीक फ्यूज असतात. नवी आवृत्ती एकदा बसली की त्यातला एक जळतो, आणि जळालेला फ्यूज परत जोडता येत नाही. मग जुनी फाइल दिली की फोन आतले जळालेले फ्यूज मोजतो आणि नकार देतो. एका स्नेह्यांचा फोन असा निघाला. मी तो उलटसुलट करून पाहिला, परत दिला आणि म्हणालो, "वेळेत आणायला हवा होता."

शिवाय जगच सुधारू लागलं. कॅनडात १ डिसेंबर २०१७पासून नवे फोन बिनकुलपाचेच द्यावे लागतात, ब्रिटननेही २०२१च्या डिसेंबरात कुलूपबंद फोन विकणं थांबवलं. ग्राहकांच्या दृष्टीने उत्तमच. माझ्यासारख्या तज्ज्ञाचं काय होणार, याचा मात्र कुणी विचार केलेला दिसत नाही.

परवा एक पाहुणे आले. खिशातून नवाकोरा फोन काढून म्हणाले, "यात दुसरं सिम घालायचंय, पण जमत नाही. तुम्हाला यातलं कळतं असं ऐकलं." मी चष्मा लावला. संगणक सुरू केला. कॅमेऱ्याच्या डब्यातली केबल आणली. पहिले पाच-सहा आकडे, यादी, दोन संगणक, ३२ अक्षरं, ईएफएस, फ्यूज, ओबामा, सगळं समजावून सांगितलं, आणि धोका माझा नाही, त्यांचा आहे, हेही स्पष्ट केलं. त्यांनी फार सभ्यपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "ते सगळं करू हो सावकाश. आधी हा सिमचा ट्रे उघडायला एखादी टाचणी मिळेल का?"