डेटा सेंटरची आगोट

रत्नागिरीत सर्व्हर कोलोकेशनचा व्यवसाय करतो असे सांगितले, की समोरचा माणूस पहिला प्रश्न टक्क्यांचा विचारतो: "अपटाइम किती देता?", म्हणजे वर्षातला किती वेळ सेवा चालू राहील. प्रश्न रास्त आहे, पण त्याच्या उत्तरावरून डेटा सेंटर निवडणे मला धोक्याचे वाटते. ९९.९ टक्के म्हणजे वर्षाकाठी जवळजवळ पावणेनऊ तास बंद राहण्याची मुभा आणि ९९.९९ टक्के म्हणजे सुमारे साडेबावन्न मिनिटांची. हा आकडा करारात कोणालाही लिहिता येतो, कारण तो पाळला गेला नाही तर बहुतेक वेळा पुढच्या बिलातून थोडी वजावट मिळते आणि विषय संपतो. एखाद्या पतसंस्थेचे व्यवहार दिवसभर ठप्प झाले, तर तिच्या नुकसानीशी त्या वजावटीचा काही मेळ बसत नाही. म्हणून डेटा सेंटर चालवणाऱ्याला मी वेगळाच प्रश्न विचारायला सांगतो: महावितरणचा पुरवठा तुम्ही स्वतःच्या हाताने शेवटचा कधी बंद केलात, आणि तेव्हा काय काय झाले?

या धंद्याशी परिचय नसलेल्यांसाठी थोडक्यात सांगायचे, तर कोलोकेशनमध्ये सर्व्हर ग्राहकाचा असतो आणि रॅकमधली, म्हणजे सर्व्हर बसवायच्या कपाटातली, जागा, वीज, थंडावा, इंटरनेटची जोडणी आणि पहारा आमचा असतो. ग्राहकाच्या माहितीला आम्ही हात लावत नाही. आमची सगळी पत वीज आणि थंड, कोरडी हवा अखंड पुरवण्यावर उभी आहे, आणि कोकणात नेमक्या याच दोन गोष्टी मिळवायला सर्वांत कठीण आहेत.

पावसापूर्वी घरे शाकारून, लाकूडफाटा आणि धान्य भरून ठेवणाऱ्या मुलखात डेटा सेंटरचीही आगोट करावी लागते, आणि तिच्यातला मुख्य विधी म्हणजे महावितरणचा पुरवठा मुद्दाम तोडणे. जनरेटर आठवड्यातून एकदा दहा मिनिटे भाराविना फिरवून "चालू स्थितीत आहे" अशी नोंद करण्याला मी चाचणी मानत नाही. उलट असे वारंवार केल्याने इंजिन पुरेसे तापत नाही, न जळलेले डिझेल एक्झॉस्टमध्ये साचते आणि खऱ्या प्रसंगी ते काळा धूर ओकते. चाचणी म्हणजे सगळे रॅक चालू असताना मुख्य ब्रेकर खाली करायचा, यूपीएसने भार उचलला का ते पाहायचे, जनरेटर सुरू होऊन चेंजओव्हर, म्हणजे भार त्याच्यावर जाणे, होईपर्यंतचे सेकंद मोजायचे आणि त्यानंतर काही तास सगळा भार जनरेटरवरच ठेवायचा.

यात जे उघडकीस येते ते कोणत्याही माहितीपत्रकात नसते. सर्व्हर यूपीएसवर तगतात, पण एसी सहसा यूपीएसवर नसतात. जनरेटर आला तरी त्यांचे कॉम्प्रेसर लगेच सुरू होत नाहीत, आणि दाटीने भरलेल्या खोलीचे तापमान त्या चार-पाच मिनिटांत झपाट्याने चढते. सर्व्हरला दोन पॉवर सप्लाय असतात, ते विजेच्या दोन स्वतंत्र मार्गांवर असावेत अशी सारी योजना असते. प्रत्यक्षात ग्राहकाच्या माणसाने दोन्ही वायरी एकाच पट्टीत खोचलेल्या सापडतात. त्याहून लबाड दोष म्हणजे दोन्ही मार्गांवर प्रत्येकी साठ टक्के भार असणे. रोजच्या दिवशी दोन्ही मीटर निवांत दिसतात. एक मार्ग बंद पडला की दुसऱ्यावर एकशेवीस टक्के भार येतो आणि तोही ट्रिप होतो. नियम सोपा आहे, एका मार्गावर निम्म्याहून कमीच भार हवा. पण तो पाळायचा म्हणजे विकता येण्याजोगी वीज न विकता राखून ठेवावी लागते. स्वस्त दर देणाऱ्यांचा स्वस्तपणा बहुधा इथूनच येतो, असे माझे निरीक्षण आहे.

आता डिझेल. जनरेटर साधारणपणे एका युनिटला पाव लिटरहून थोडे अधिक डिझेल खातो. शंभर किलोवॉटचा भार धरला, तर तासाला सत्तावीस ते तीस लिटर. पेट्रोलियम कायद्यानुसार परवान्याशिवाय २,५०० लिटरपर्यंतच डिझेल ठेवता येते, आणि तेही कोणतीही एक टाकी १,००० लिटरपेक्षा मोठी नसेल तर. जनरेटरच्या खोल्यांमधून ९९० लिटरच्या टाक्या दिसतात त्या यामुळेच. हिशेब केला तर साडेतीन दिवसांची बेगमी होते. मुंबई-पुण्यात साडेतीन दिवस पुष्कळ झाले, कोकणात ते पुरतीलच असे नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा रायगडमधल्या आणि दापोली-मंडणगडकडच्या कित्येक गावांत वीज परतायला आठवडे लागले. मे २०२१ मध्ये तौक्ते आले आणि त्याच वर्षीच्या २२ जुलैला चिपळूणची बाजारपेठ पाण्याखाली गेली. अशा वेळी रस्ते बंद असतात, टँकर घाटात अडकलेला असतो, आणि पेट्रोल पंपावर रुग्णालये व पाणीपुरवठा यांचा अधिकार आधीचा असतो, तसा तो असायलाच हवा. म्हणून परवाना काढून साठा वाढवणे हा एक मार्ग. दुसरा म्हणजे अमुक तासांनंतर आम्ही सर्व्हर शिस्तीत बंद करू, तोपर्यंत तुमची दुसरी जागा कामाला लागली पाहिजे, हे ग्राहकाला करारातच लिहून देणे. "काहीही झाले तरी बंद पडणार नाही" असे म्हणणारा एकतर नवखा असतो किंवा त्याला तुमची सही घाईने हवी असते.

साठवलेले डिझेलही दमट हवेत खराब होते. टाकीत पाणी उतरते, पाणी आणि डिझेल यांच्या सीमेवर जिवाणू-बुरशी वाढते आणि तिचा गाळ नेमका फिल्टरमध्ये अडकतो. टाकीच्या तळाचे पाणी काढणे आणि डिझेल गाळून फिरवणे हे कंटाळवाणे काम मे महिन्यात झाले नाही, तर जुलैत जनरेटर अर्ध्या तासाने गुदमरतो.

पुराचा धडा परदेशातही घेतला गेला आहे. ऑक्टोबर २०१२ मध्ये सँडी वादळाने न्यूयॉर्कमध्ये समुद्र रस्त्यावर आला, तेव्हा मॅनहॅटनमधल्या काही इमारतींत जनरेटर वर सुरक्षित होते, पण डिझेल चढवणारे पंप तळघरात बुडाले. ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका डेटा सेंटरमध्ये कर्मचारी आणि ग्राहकांची माणसे सतरा मजले जिन्याने डिझेलच्या बादल्या चढवत राहिली आणि सेवा तगली. त्यांच्या चिकाटीचे कौतुक करावे तेवढे थोडे, पण पंपाची जागा नकाशावर ठरवताना कोणी नदीकडे पाहिले असते तर बादल्यांची वेळ आली नसती. आपल्याकडे वाशिष्ठी, शास्त्री, काजळी किंवा जगबुडीच्या काठच्या गावांत हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

पाण्यापासून दूर म्हणून सड्यावर, म्हणजे उंच माळावर, जावे, तर तिथे कातळ. जांभ्याच्या कातळात, आणि तोही वैशाखात कोरडाठाक झालेला असताना, अर्थिंगला चांगला आकडा, म्हणजे जमिनीचा कमी रोध, मिळणे मुश्कील असते. आणि कोकणात विजांचा कडकडाट मुख्यतः पावसाच्या आधी आणि परतीच्या वेळी, म्हणजे जमीन सुकलेली किंवा सुकू लागलेली असताना होतो. त्यामुळे खोल बोअर घेऊन इलेक्ट्रोड उतरवणे, सगळ्या खड्ड्यांची अर्थिंग एकमेकांना जोडणे आणि एप्रिलमध्ये, म्हणजे सर्वांत वाईट महिन्यात, ती मोजणे याला पर्याय नाही. पावसाळ्यात मोजलेला आकडा फार देखणा येतो. त्यावर विसंबू नये.

या सगळ्यापेक्षा हळू आणि अदृश्य शत्रू म्हणजे खारी हवा. शुद्ध मीठ हवेतील आर्द्रता सुमारे पंचाहत्तर टक्के झाल्यावर पाणी धरते, पण समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असते आणि ते तिशी-पस्तिशीच्या आर्द्रतेलाच ओलसर होते. म्हणजे खोलीत पन्नास टक्के आर्द्रता राखली, यंत्रावरचा आकडा आदर्श दिसला, तरी बोर्डावर बसलेली खारट धूळ ओलीच असते आणि तांब्या-चांदीचे बारीक जोड खात राहते. बाहेरची गार हवा आत घेऊन विजेचे बिल वाचवण्याची पद्धत थंड देशांत उत्तम चालते; इथे ती मी कोणालाही सुचवणार नाही. आतली हवा आतच फिरवावी, जी थोडी बाहेरून घ्यायची ती गाळून घ्यावी आणि खोलीत किंचित जास्त दाब ठेवावा, म्हणजे दार उघडले तरी हवा बाहेरच जाते. एसीच्या बाहेरच्या युनिटांना लेप दिलेल्या कॉइल घ्याव्यात आणि त्या गोड्या पाण्याने वेळोवेळी धुवाव्यात.

इंटरनेटच्या जोडणीबद्दल एवढेच सांगतो, की दोन कंपन्यांची बिले येतात म्हणून दोन मार्ग आहेत असे होत नाही. दोघांच्या फायबर महामार्गाच्या कडेच्या एकाच चरातून जात असतील, तर रुंदीकरणाच्या जेसीबीचा एक फावडा दोघांना पुरतो. एक मार्ग किनाऱ्याने मुंबईकडे आणि दुसरा घाट चढून कोल्हापूर किंवा कराडकडे आहे, हे नकाशावर आखून घ्यावे आणि तेवढ्यावर न थांबता शक्य तिथे गाडीने जाऊन पाहावे.

माहितीची दुसरी प्रत दुसऱ्या गावी असावी, यावर मी ग्राहकांशी अनेकदा वाद घातला आहे. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गला ओव्हीएच या होस्टिंग कंपनीचे एक डेटा सेंटर आगीत पूर्ण जळाले. ज्यांच्या बॅकअपच्या प्रती त्याच आवारात होत्या, त्यांतल्या काहींची माहिती कायमची गेली. तेव्हा आमच्याच दुसऱ्या खोलीत बॅकअपसाठी रॅक मागणाऱ्याला मी पुणे किंवा नागपूर सुचवतो. त्यात आमचे भाडे बुडते हे खरे. कराड-पाटण सुचवत नाही, कारण १९६७ च्या कोयनेच्या भूकंपाचा पट्टा घाटाच्या दोन्ही अंगांना लागून आहे.

राहता राहिली माणसे, आणि कोकणात हा प्रश्न भाद्रपदात उभा राहतो. गणपतीला मुंबईचा चाकरमानी सुट्टी काढून गावी येतो. इथल्या आयटीआय झालेल्या मुलाच्या तर घरीच गणपती असतो, त्याला त्या दिवसांत रात्रपाळी सांगणे मला अन्यायाचे वाटते. त्यातच पाऊस संपलेला नसतो आणि वीज लहरी असते. आम्ही या काळातल्या पाळ्या जूनमध्येच लावतो, ज्यांच्या घरी उत्सव नाही अशांना विचारून आणि दुप्पट पगार देऊन, आणि प्रत्येक पाळीत एक जण तरी असा ठेवतो ज्याने मुख्य ब्रेकर खाली करण्याची चाचणी स्वतः केलेली आहे. करार करायला आलेल्या ग्राहकाने जनरेटरच्या कंपनीचे नाव विचारण्याआधी गौरी-विसर्जनाच्या रात्री पाळीवर कोण आहे ते विचारावे. ती यादी आमच्या कार्यालयातल्या फळ्यावर लावलेली असते आणि ती पाहायला परवानगी लागत नाही.