मळखाऊ

"रंग छान मळखाऊ निवडलास गं," शेजारचे काका म्हणाले आणि मी हसून "हो ना" म्हणाले. त्या "हो ना"चा मला अजून राग येतोय.

काका त्यांचं स्टूल परत न्यायला आले होते. कोपऱ्यातल्या उभ्या दिव्याची शेड त्यांनी बहुधा पहिल्यांदाच नीट पाहिली. ती मळखाऊ नाही. ती मोतिया रंगाची आहे. म्हणजे होती. काकांना जो रंग आवडला, तो मळ. आणि त्यांना हे पक्कं ठाऊक असणार, कारण पुढच्याच क्षणी त्यांनी शेडवरून तर्जनी फिरवली, बोट डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं आणि माझ्याच सोफ्याच्या पाठीला पुसलं. शेडवर वहीच्या समासासारखी सरळ पांढरी रेघ उमटली.

ते जाईपर्यंत थांबले असते तर निभावलं असतं. पण अपमान ताजा होता, आणि काका स्टूल नेण्याऐवजी त्यावर बसले होते. मी तडक ओलं फडकं आणलं.

"प्लग काढलास?"

नव्हता काढला. काका उठले, प्लग काढला, परत बसले. त्या दुपारी घडलेलं हे एकमेव उपयोगी काम, आणि तेही त्यांच्या नावावर जमा.

कोरडी धूळ बिचारी नुसती वर बसलेली असते. पाणी लागलं की तिचा चिखल होतो आणि तो धाग्यांत मुरतो. वर पाणी पसरत कडेकडेला जातं, तिथे वाळतं आणि सोबत आणलेला मळ तिथेच टाकून देतं. थोड्याच वेळात माझ्या शेडवर एक बेट तयार झालं. मधे गोरंपान, भोवती तपकिरी किनारा.

"आधी कोरडं झटकायचं असतं," काका म्हणाले.

"मग मघाशी का नाही सांगितलंत?"

"तू रागात होतीस."

मग त्यांनी पाय लांब केले. "पण मला सांग, हे लावतात कशाला?"

"बल्ब डोळ्यांवर येऊ नये म्हणून."

"म्हणजे उजेड कमी व्हावा म्हणून."

"कमी नाही हो काका, मऊ."

"मऊ उजेड." त्यांनी शब्द तोंडात घोळवून पाहिला. "बल्ब केवढ्याचा?"

"आधी 60 वॅटचा होता. आता 9चा एलईडी."

"मग 5चा लाव आणि ही टोपी काढून टाक. धुवायचा प्रश्नच मिटला."

"नुसता बल्ब वाईट दिसतो!"

"आता चांगला दिसतोय?"

दोघांनीही बेटाकडे पाहिलं.

खरं सांगायचं तर दोष त्या 60च्या बल्बचाही आहे. जुन्या पिवळ्या बल्बमध्ये दहा टक्के वीजसुद्धा उजेडाच्या कामी येत नाही, बाकी सगळी उष्णता. तापलेली हवा शेडमधून वर जाते, खालून नवी हवा ओढून घेते, आणि हवेबरोबर धूळ येते. आम्ही दिवा समजून कापडाचं धुराडं पाळलं होतं. वरची कड तर शेकून इतकी पिवळी पडली आहे, की तिथला रंग आता कशानेच जायचा नाही. हे मी काकांना सांगितलं नाही. त्यांचाच मुद्दा मजबूत झाला असता.

त्यानंतर जे केलं ते आधी करायला हवं होतं. रंगकामाचा कोरा, मऊ ब्रश घेऊन वरून खाली झटकत गेले, मग कपड्यांवरचे केस काढायचा चिकट रोलर फिरवला. रोलरचा कागद पहिल्याच फेरीत असा करडा झाला, की उंदीर सोलल्यासारखं वाटलं. आत हात घातला तर तळाशी दोन मेलेले पतंग आणि एक चिठ्ठी. फक्त कोरड्या कापडाने पुसावे. ही सूचना आत चिकटवण्याची अक्कल कोणाची? बल्बने वाचायची होती का?

चिठ्ठीला कारणही होतं. तारेच्या सांगाड्यावर कापड शिवलेलं असेल तर शेड कोमट पाण्यात, सौम्य साबणात बुडवून धुता येते. फक्त तारेला गंज चढून डाग पडण्याआधी ती पटकन वाळवावी लागते. माझं कापड प्लास्टिकच्या पातळ पत्र्यावर डिंकाने चिकटवलेलं. ओल्या बेटावर एव्हाना दोन फुगेही आले होते. ड्रायरचा थंड झोत मारून ते बसवताना हात भरून आला, आणि फुगे बसले नाहीत ते नाहीतच.

संध्याकाळी घरचे आले. चौघं रोज याच दिव्याखाली बसतो. चौघांपैकी एकालाही आजवर धूळ दिसली नव्हती, आणि आज ती गेलेलीही दिसली नाही. "इथे हे काय सांडलंय?" एवढंच विचारलं. सांडलंय! वर्षानुवर्षं माखलेली शेड चालली, एक डाग मात्र उंबऱ्यातून दिसला. मी उत्तर दिलं नाही. खरं तर कोणी उत्तरासाठी थांबलंही नव्हतं.

डाग भिंतीकडे फिरवावा म्हटलं, तर तिथे आधीच शेडची जोडाची शिवण लपवलेली होती. डाग तिच्या नेमका समोर. भिंत एकच. बराच विचार करून मी शिवण पुढे घेतली. निदान ती माझ्या हातची नव्हे.

काका मात्र त्या गडबडीत स्टूल न नेताच गेले. आज सकाळी घ्यायला आले, दारातच थांबले, मान तिरकी केली.

"ही शेड उलटी लावलीस का गं?" म्हणाले, आणि स्टूलावर बसले.