मुंबई दर्शनाला निघालेल्या सोलापूरकरांस काही हिताच्या सूचना

सहल नेहमी सोमवारचीच निवडावी. रविवारी रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेस पकडायची, सोमवारी सकाळी सीएसएमटीला उतरायचं, दिवसभर मुंबई हिंडायची आणि रात्री पुन्हा त्याच गाडीने घरी. रजा एकच पडते. दुसरा फायदा त्याहून मोठा. सोमवारी घारापुरीची लेणी बंद, नेहरू तारांगण बंद, बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यानही बंद. त्यामुळे ही तिन्ही नावं पत्रकावर लाल अक्षरांत छापायला संयोजकाला छपाईपलीकडे एक रुपया खर्च येत नाही. गेटवेच्या कठड्याला टेकून गाईड समुद्राकडे बोट करतो, "वो देखो, उधर एलिफंटा," की झाली तुमची घारापुरी. बोटीतला तास वाचला, पायऱ्या चढणं वाचलं. ती वीस फुटी त्रिमूर्ती दीड हजार वर्षांच्या आसपास एका जागी बसून आहे, ती काय कुठे पळून चालली आहे?

मागच्याच महिन्यात आमच्या गल्लीतल्या बऱ्याच मंडळींबरोबर मी हा लाभ घेतला. कंबर अजून धरलेली आहे, त्यामुळे सगळं नीट आठवतंय.

पत्रकावर "एकवीस प्रेक्षणीय स्थळे" असं लिहिलेलं असतं. ती मोजत बसू नये. बसने सिग्नल ओलांडला की एक स्थळ झालं असं धरावं. फ्लोरा फाउंटन, हुतात्मा चौक आणि राजाबाई टॉवर ही आमची तीन स्थळं एका हिरव्या सिग्नलमध्ये आटोपली. टॉवर डाव्या बाजूला होता की उजव्या, यावरून नवरा-बायकोत परतीच्या गाडीत वाद झाला.

सीएसएमटीच्या इमारतीकडे वर मान करून बघू नये. 1888 साली पुरी झालेली, 2004 मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून गौरवलेली ती इमारत आपण जिथे उतरतो तिथेच आहे आणि फुकट आहे. म्हणूनच ती एकवीस स्थळांत नाही.

"फ्रेश होण्याची उत्तम सोय" म्हणजे एका लॉजमधल्या दोन खोल्या आणि अख्खी बस. आपल्याला त्यात नवीन काही नाही, बादलीत उरकायची सवय आहेच.

घरून कडक भाकरी आणि शेंगाचटणी नेली असेल तर ती पिशवीतच ठेवावी. जेवणाच्या हॉटेलात "बाहेरचे पदार्थ खाऊ नयेत" अशी पाटी असते, आणि आतल्या पदार्थांत गोड वरण.

गाईडला प्रश्न विचारू नये. हा नियम फार महत्त्वाचा. आमच्या गाईडने माइकवर सांगितलं की 1911 साली इंग्लंडचा राजा बोटीतून उतरला आणि याच कमानीखालून चालत आला. आता गेटवेची पायाभरणी 1913 ची आणि बांधकाम पुरं झालं 1924 साली. पंचम जॉर्ज आला तेव्हा तिथं पुठ्ठ्याचा देखावा उभा होता. आमच्यातल्या एका निवृत्त गुरुजींनी हे हळूच, अगदी अदबीने सांगून पाहिलं. "अंकल, गाईड आप हो या मैं?" सगळी बस हसली. गुरुजी त्यानंतर रात्रीपर्यंत कुणाशी बोलले नाहीत. राजाच्या आगमनाची आठवण म्हणून बांधलेल्या त्याच कमानीखालून 28 फेब्रुवारी 1948 ला इंग्रजांची शेवटची पलटण बोटीत चढून निघून गेली, एवढी गोष्ट जरी धड सांगितली असती तरी पोरांनी तोंड उघडं टाकून ऐकली असती. पण पंधरा मिनिटं संपली होती. शिट्टी वाजली आणि आमच्या सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेतल्या पाळण्यात माणसं कोंबतात तसं आम्हाला मोजून बसमध्ये कोंबलं.

मणिभवनची चौकशी मीच केली. गांधीजी 1917 ते 1934 मुंबईत आले की तिथं उतरायचे. मे 1930 मध्ये गांधीजींना अटक झाल्याचं कळल्यावर सोलापुरात गिरणी कामगार रस्त्यावर आले, मार्शल लॉ लागला आणि 12 जानेवारी 1931 ला मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे येरवड्यात फासावर गेले. या चौघांच्या पुतळ्यांसमोरून रोज स्कूटर नेणाऱ्या माणसांना ते घर दाखवायला काय हरकत होती? "उधर कुछ नहीं है सर, सिर्फ किताबें हैं." बरोबर आहे. त्याऐवजी आम्हाला नटांचे बंगले दाखवले. बंगले म्हणजे भिंती. उंच भिंती, काटेरी तारा, आणि फाटकासमोर मोबाइल वर धरून उभी असलेली शंभर माणसं. तिथं मात्र बस थांबली. थांबली म्हणजे चांगली रेंगाळली.

अँटिलियाला सत्तावीस मजले आहेत. मोजू नयेत, मान लचकते.

हँगिंग गार्डनमध्ये झाडांचे हत्ती आणि बैल बघावेत, खाली काय आहे ते विचारू नये. मी सांगतो. खाली पाणी आहे. मलबार हिलचा तो जलाशय 19 व्या शतकातला, आणि त्याच्या छतावर माती घालून ही बाग केली आहे. दक्षिण मुंबईला अजून तिथून पाणी जातं. ज्या गावात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, ज्या गावातल्या बायका लग्नाची तारीखसुद्धा "पाण्याचा दिवस" बघून ठरवतात, त्या गावच्या चाळीस माणसांना तुम्ही लाखो लिटर पाण्याच्या डोक्यावर उभं केलंत आणि सांगितलंत काय, तर "इधर बहुत पिक्चर की शूटिंग हुई है". अहो, एवढं एक वाक्य बोलला असतात ना, तर आमच्या वहिनी तिथंच खाली वाकून जमिनीला कान लावून बसल्या असत्या!

वांद्रे-वरळी सागरी सेतूवर बस थांबत नाही. पडदा बाजूला करावा, काच पुसावी, तोवर पूल संपतो.

हाजी अलीला भरतीच्या वेळी जाऊन रस्ता पाण्याखाली गेलेला बघावा आणि गाईडला नाराज करू नये. भरती-ओहोटीचं वेळापत्रक छापलेलं मिळतं हे त्या बिचाऱ्याला अजून कुणी सांगितलेलं नाही.

आता खरेदी. इथं जरा सविस्तर सांगायला हवं, कारण सहलीचं मुख्य तीर्थ हेच. पत्रकात हे एकवीस स्थळांत मोजलेलं नसतं, संयोजकाचा तेवढा विनय. दुपारी सिद्धिविनायकाचं दर्शन बाहेरून, म्हणजे कळसाला हात जोडून, उरकलं ("अंदर लाइन बहुत है") आणि बस एका बोळात शिरली. समोर काचेचं मोठं दुकान. दारावर "सरकारमान्य" अशी पाटी. कुठल्या सरकारने मान्य केलं ते पाटीवर नव्हतं. गेटवेला पंधरा मिनिटं, हँगिंग गार्डनला दहा, इथं पन्नास. आणि ड्रायव्हरने बसचं दार बाहेरून बंद केलेलं, "एसी बंद है, सब अंदर बैठो". म्हणजे खरेदी करायची नसेल तर मे महिन्याच्या उन्हात फुटपाथवर उभं राहा. आत थंडगार. चंदनाचे हत्ती, मोत्यांच्या माळा, गुडघेदुखीचं तेल, आणि प्रत्येक वस्तूला "आप के लिए स्पेशल". गाईड गल्ल्यापाशी उभा राहून चहा पीत होता. आमच्यातला कोण काय घेतो याची नोंद एक मुलगा वहीत करत होता, बसचा नंबर वर लिहून. ती वही मी पाहिली. मुद्दाम पाहिली.

तर त्या दुकानात विक्रेत्याने काय उलगडून आमच्यापुढे टाकावं? सोलापुरी चादर. "सर, ओरिजिनल. डायरेक्ट सोलापुर से आता है." किंमत आमच्याकडच्या तिप्पट. आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो. आमच्यात सोलापूरच्या पूर्वभागातले एक अण्णा होते, जन्मभर मागावर काम केलेले, आता रिटायर. अण्णांनी चादर हातात घेतली, उलटी केली, काठ दोन बोटांत चोळला आणि म्हणाले, "हे विणलेलं नाय, छापलेलं हाय." जकार्डवर विणलेल्या चादरीची नक्षी दोन्ही बाजूंना उतरते, रंग फक्त उलटे होतात, हे आमच्याकडचं शेंबडं पोर सांगेल. हिच्या मागच्या बाजूला नुसते डाग. भौगोलिक मानांकन मिळालेला आपला माल, आणि त्याच्या नावावर परगावचं छापील कापड विकतात ते विकतात, ते आम्हालाच विकायला काढतात! आमच्या बसच्या काचेवर "सोलापूर" असं हातभर अक्षरांत लिहिलेलं होतं हो! विक्रेता हसून म्हणाला, "अंकल, आप को कपड़े का नॉलेज नहीं है." अण्णांना! ज्यांच्या कानाला मागाच्या आवाजाने निम्मं ऐकू येत नाही त्यांना!

आणि तरीही बसमधल्या दोघांनी ती घेतली. सोलापूरला परत नेली. त्यांची नावं लिहिण्याची फार इच्छा आहे, पण शेजार आहे.

त्या पन्नास मिनिटांचं पुढे काय झालं ते ऐका. आमच्याबरोबर एक अक्का होत्या. विड्या वळून चार लेकरं वाढवलेल्या. पासष्टीच्या पुढच्या, आणि समुद्र कधी पाहिलेला नव्हता. पैसे त्यांनी स्वतःचे भरले होते, लेकाकडून घेतले नव्हते. गेटवेला त्या म्हणाल्या, पाण्यात पाय घालायचेत. तिथं खाली खोल पाणी, मध्ये कठडा. मरीन ड्राइव्हला काँक्रीटचे ते तिकाटणे-चौकाटणे टाकलेले, पुढे जाता येत नाही. गिरगाव चौपाटीवरून गाडी नेली तेव्हा वाळू समोर दिसत होती. "जुहू में उतरेंगे मौसी, उधर बड़ा बीच है." अक्का दिवसभर कुणालाही विचारत होत्या, जुहू आलं का? बंगल्यापाशी विचारलं, दुकानात तर तीनदा विचारलं. आणि संध्याकाळी जुहूला पोचलो तेव्हा गाईड माइक घेऊन म्हणाला, "ट्रैफिक बहुत है, ट्रेन छूट जाएगी, सब लोग खिड़की से देख लो."

खिडकीतून! अक्कांची बाजू रस्त्याकडची होती. त्यांना समुद्र नाही दिसला, पाणीपुरीच्या गाड्या दिसल्या.

मी उठून बोललो तर पुढच्या सीटवरून आवाज आला, "जाऊ द्या की ओ, एकट्यासाठी सगळ्यांची गाडी चुकवता का?" हा तोच गृहस्थ, जो दुकानात इमिटेशनच्या हारावरून वीस मिनिटं घासाघीस करत होता आणि ज्याच्यासाठी आम्ही सगळे उन्हात तिष्ठत होतो. ज्याने सागरी सेतूवरून पाण्याची रिकामी बाटली बाहेर फेकली तो पण हाच. शरम वाटायला पाहिजे. मावशीएवढ्या बाईला पाच मिनिटं देता आली नाहीत, आणि हाराला वीस मिनिटं.

आणि संयोजक, तुम्हाला आता सरळच सांगतो. घारापुरी सोमवारी बंद असते हे तुम्हाला माहीत आहे. दर वर्षी माहीत असतं. तुम्ही ते छापता कारण आमच्यातलं कुणी पडताळून बघणार नाही याची तुम्हाला खात्री आहे. दुकानाकडून किती मिळतं ते मिळवा, पण मग ते तिकिटात कमी करा आणि पत्रकात "खरेदी, पन्नास मिनिटे" असं छापा, म्हणजे येणारा ठरवेल. गाईड ठेवायचा तर पर्यटन खात्याचं ओळखपत्र असलेला ठेवा, दुकानदाराचा भाचा नको. एकवीस स्थळं दाखवू नका, पाच दाखवा. सीएसएमटीवरून पायी निघालं तरी हुतात्मा चौक, राजाबाई टॉवर, म्युझियम आणि गेटवे तासाभराच्या आत एका ओळीत लागतात. त्याला तुमची बस लागत नाही, एसी लागत नाही, शिट्टी तर नाहीच नाही.

अक्कांचे जुहूचे पैसे परत करा. किती होतात ते तुम्हीच काढा. एकवीसने भागता येत असेल तर भागा. त्या मागायला येणार नाहीत, मी येणार आहे, तुमच्या ऑफिसात, दुकान उघडायच्या वेळी, अण्णांना आणि गुरुजींना घेऊन. आणि पुढच्या उन्हाळ्यात तुमची बस पुन्हा त्या बोळाकडे वळली तर मी उतरून पुढच्या चाकासमोर मांडी घालून बसणार. आधीच सांगून ठेवतो, गाडी चुकली तरी चालेल.